ह्यांच्या मेंदूचे दोन फोटो

संभाजीनगरच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसले होते. शेजारी सिरसाळ्याची एक बाई सासूला घेऊन आली होती. सासू पदराला गाठ मारायची, सोडायची, परत मारायची. त्या बाईनं माझ्या मालकांकडं बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "मावशी, तुमचं दुखणं आमच्याहून जुनं दिसतंय. पुढं काय काय हुतंय ओ?"

मी काही बोलायच्या आत तिचा नंबर पुकारला. ती सासूला धरून आत गेली. नंतर भेट नाही. तिच्यासारख्या अजून कितीतरी जणी असतील, म्हणून लिहिते. पण आधीच सांगते, यात शेवटी माणूस बरा होत नाही. ज्यांना धीर हवा असेल त्यांनी दुसरं काही वाचावं. माझ्याकडं तो नाही.

चकलांब्याला

आमचं गाव उमापूरच्या पुढं. माझ्या मालकांना सगळा गेवराई तालुका तात्या म्हणतो. गावचे सरपंच होते, मग पंचायत समितीवर गेले. जमीन, ऊस, कापूस सगळं होतं, पण ह्यांची खरी कमाई म्हणजे माणसं. कुठल्याही गावात जीप थांबली की पाय खाली टेकायच्या आधी ह्यांच्या तोंडात समोरच्याचं नाव असायचं. नुसतं नाव नाही. पोरीचं बाळंतपण झालं का, बैलाचा पाय बरा झाला का, भावाशी बोलणं सुरू झालं का, सगळं ध्यानात. मतं त्याच्यावरच मिळायची.

अलीकडं चष्मा, चाव्या, एखादं नाव असं काही विसरायला लागले होते. आम्ही वयावर घातलं, शुगरवर घातलं.

चकलांब्याचे बाबुराव म्हणजे ह्यांचे तरुणपणापासूनचे सोबती. ते अचानक गेले. हे दिवसभर तिथं होते, तिरडीला खांदा दिला, रडले. सावडायच्या दिवशी मीपण सोबत गेले. बायका आत बसल्या होत्या, बाबुरावांची बायको भिंतीला टेकून. हे दारातून आत आले, पाणी प्याले आणि हसून म्हणाले,

"वैनी, बाबुराव कुठं गेलेत? बोलवा की. लई दिवस झाले बसलो न्हाई आमी."

मग ती बिचारी म्हणाली, "तात्या, असं का बोलता ओ?" आणि तिनं जे तोंडात पदर कोंबला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी ह्यांना बाहेर काढलं. आमचे जुने ड्रायव्हर सर्जेराव, त्यांनी काही न विचारता जीप चालू केली. वाटेत मी विचारलं, "अवं, तिला असं का बोललात?"

"काय बोललो?"

"बाबुराव गेले. तुमी खांदा दिलाय."

हे माझ्याकडं बघत राहिले. "बाबुराव गेले? कधी? मला कुणी सांगितलं न्हाई?" आणि जीपमध्ये असे रडले की सर्जेरावांनी गाडी बाजूला घेतली. मला तेव्हा कळलं की हे दुखणं विसरण्याचं नाही. ह्यांच्या आत काहीतरी पोचतच नाही.

पहिला फोटो

गेवराईच्या डॉक्टरनं ताकदीची इंजेक्शनं दिली आणि संभाजीनगरला पाठवलं. मी, मुलगा रणजित आणि सून मनीषा, तिघं ह्यांना घेऊन गेलो. तिथले डॉक्टर शांत, मध्यम वयाचे. त्यांनी ह्यांना तीन शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलले आणि परत ते शब्द विचारले.

हे म्हणाले, "साहेब, ते सगळं आमच्या पीएकडं असतंय."

आम्ही हसलो. डॉक्टरही हसले. मग त्यांनी आजची तारीख विचारली.

"तारीख तुमी ठरवा साहेब, आमी हजर राहतो."

पुन्हा आम्ही हसलो, पण या वेळी डॉक्टर हसले नाहीत. ते कागदावर काहीतरी लिहीत होते.

एमआरआय काढायचा होता. अंगावर धातूचं काही चालत नाही. ह्यांच्या बोटात अंगठी इतकी रुतलेली की साबण लावून काढावी लागली. करदोडा सोडला, गळ्यातली चेन काढली, वरचे कपडे काढून हिरवा डगला घातला. पांढऱ्या इस्त्रीच्या कपड्यांशिवाय ह्यांना परक्या माणसांसमोर मी कधी बघितलं नव्हतं. त्या डगल्यात हे कुणीही वाटले असते. मशीनचा आवाज दाराबाहेर येत होता. बाहेर आले तर म्हणाले, "कुणाची वरात व्हती? बेंजो लई कर्कश हाय."

संध्याकाळी डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. मेंदू मधोमध चिरून ठेवल्यासारखा.

"काकू, इथं बघा. कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडं, हा छोटा भाग असतो. नवीन आठवण इथून आत शिरते. तात्यांचा हा भाग सुकलाय. बाकीचा मेंदूही आक्रसत चाललाय."

"आन् हे काळं काळं काय हाय?"

"ते पाणी."

बालाघाटाच्या कडेनं सीताफळं कधी कधी झाडावरच वाळतात. बाहेरून फळच दिसतं, हातात घेतलं तर आत गर उरलेला नसतो. मला तेच आठवलं, आणि आपल्या नवऱ्याच्या डोक्याबद्दल असं मनात आलं म्हणून स्वतःचीच किळस आली.

अल्झायमर हे नाव मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. रणजितनं विचारलं, "गोळ्या किती दिवस घ्यायच्या?"

"गोळ्यांनी वेग जरा कमी होईल. गेलेलं परत येणार नाही."

परत येताना शहागडला ढाब्यावर थांबलो. ह्यांनी पोटभर जेवण केलं, वाढणाऱ्या माणसाला गाव विचारलं, त्याच्या आईबापाची खुशाली विचारली. आम्हा तिघांच्या ताटातली भाकरी तशीच होती. सगळ्यांत आनंदी माणूस त्या टेबलावर तोच होता ज्याच्या डोक्याचा फोटो आमच्या पिशवीत होता.

उमापूरची सभा

रणजित जिल्हा परिषदेला उभा राहणार होता. तो म्हणाला, "आई, इलेक्शन हुईस्तोवर कुणाला कळू द्यायचं न्हाई. तात्या नुसते स्टेजवर बसले तरी लई झालं."

तुम्हाला वाटेल, असा माणूस लपवायचा कसा? लपवावंच लागलं नाही. हात जोडायचे, "काय म्हणताय? बरं हाय ना? पोरंबाळं कशी हायत?" एवढंच बोलायचं. ते ह्यांच्या अंगात मुरलेलं होतं, त्याला आठवण लागत नव्हती. सर्जेराव मागं उभे राहून कानात नावं सांगायचे. लोक म्हणायचे, "तात्या अजून तसेच हायत बघा, माणुसकी सोडली न्हाई." जवळजवळ वर्षभर कुणाला कळलं नाही. माणूस आतून निघून गेला होता आणि त्याचा नमस्कार तेवढा गावोगाव फिरत होता.

उमापूरला शेवटची सभा होती. मी पहिल्या रांगेत, बायकांत बसले होते. भाषणं झाली, रणजितचं झालं. तो बापाच्या पाया पडायला स्टेजवरच वाकला. ह्यांनी त्याला खांद्याला धरून उठवलं, त्याच्याकडं अगदी प्रेमानं बघितलं, दोन्ही हात जोडले, आणि समोर माईक होता.

"नमस्कार साहेब. कुठल्या गावचे आपण?"

लोक हसले. त्यांना वाटलं तात्या गंमत करतात. रणजितही हसल्यासारखा झाला आणि म्हणाला, "तात्या, मी हाय."

"ते खरं हो. पर गाव कंचं? वडील काय करतात?"

मग हसणं थांबलं. पुढून थांबत थांबत मागपर्यंत गेलं. रणजित तसाच उभा. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरू नका, बोला. तुमचं काम करू आपण." सर्जेरावांनी येऊन माईक बंद केला.

रणजित निवडून आला. मोठ्या फरकानं आला. लोकांना दया आली, असं तोच म्हणतो. गुलाल लावून घरी आला तेव्हा माझ्याजवळ बसून म्हणाला, "मला मतं पडली न्हाईत आई. तात्यांच्या दुखण्याला पडली." त्या दिवसापासून त्यानं बापाबरोबर जेवायचं सोडलं. अंगणात समोरासमोर आले तर रस्ता बदलायचा. मी त्याला बोलले, भांडले. तो म्हणायचा, "मला बघवत न्हाई." बघवतं कुणाला? मला बघवत होतं का?

पाण्याची आशा

एक दिवस रणजितचा बीडवरून फोन आला. आवाज एकदम वेगळा. तिथं कुणीतरी त्याला एका माणसाचं सांगितलं होतं. चालता येत नव्हतं, काही आठवत नव्हतं. डोक्यात पाणी साचलेलं निघालं. नळी टाकून पाणी काढलं आणि तो माणूस चालत घरी आला.

"आई, आपल्या फोटोत काळं व्हतं ते पाणीच व्हतं की! डॉक्टर सोत्ता म्हणले व्हते!"

मी फोटोची पिशवी काढली, फिल्म उजेडात धरली. काळं होतं. खूप होतं. मी देवापुढं साखर ठेवली. त्या आठवड्यात मी ह्यांच्याशी जसं पूर्वी बोलायचे तसं बोलले, घरातलं सगळं सांगितलं, म्हणजे उद्या बरे झाल्यावर ह्यांना मधलं काही तुटल्यासारखं वाटू नये. रणजितही बापाशेजारी येऊन बसला. त्यानं ह्यांची दाढी केली. ते आशेचे दिवस मला आता सगळ्यांत जास्त दुखतात.

डॉक्टर फोनवर म्हणाले, या, दुसरा फोटो काढून बघू. मग अजून एक विचारलं. त्यांच्याकडं एक अभ्यास चालू होता, त्यात जास्त वेळाचा एक फोटो काढतात. मेंदूचे भाग एकमेकांशी किती जोडलेले आहेत ते त्यात कळतं. त्रास काही नाही, फक्त पडून राहायचं. रणजित म्हणाला, काढा, सगळे काढा.

पण या वेळी हे मशीनमध्ये जाईनात. डोक्यावर ती जाळी बसवली की ओरडायचे. शेवटी तिथला फोटो काढणारा म्हणाला, "काकू, तुम्ही आत थांबा, पाय धरून उभ्या राहा. पण बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र सगळं काढावं लागेल."

लग्न झाल्यापासून मंगळसूत्र गळ्यातून काढलं नव्हतं. तेवढा वेळ विचार करायला नव्हता. मनीषाच्या हातात सगळं दिलं आणि आत गेले. पूर्ण वेळ मी ह्यांची बोटं धरून उभी होते. पाय गार होते. मशीन ठोकल्यासारखं वाजत होतं, आणि ह्यांनी एकदाही पाय झटकला नाही. मला वाटलं, ओळखतात. हातावरून ओळखतात.

मशीनमधून बाहेर आल्यावर मी ह्यांना उठवून बसवलं, डगल्याच्या नाड्या सोडायला लागले. हे माझ्याकडं बघत होते. माझा मोकळा गळा बघितला, मोकळे हात बघितले. ह्यांचा चेहरा एकदम पडला. आवाज खाली आणून, मयतीच्या घरी बोलतात तसं म्हणाले,

"बाई, तुमचे मालक कधी वारले?"

माझ्या हातात नाडी तशीच राहिली. फोटो काढणारा तिकडं तोंड करून काहीतरी आवरायला लागला.

मी म्हणाले, "लई दिवस न्हाई झाले."

"वाईट झालं," हे म्हणाले. "काय लागलं तर सांगा. संकोच करू नका."

बाहेर आल्यावर मनीषानं माझ्या गळ्यात मंगळसूत्र घातलं. तिनं विचारलं, "काय झालं, आई?" मी सांगितलं नाही. आज इथं लिहिते तेच पहिल्यांदा.

दुसरा फोटो

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मला समजून घ्यायला आता कुणी लागत नव्हतं. काळं वाढलं होतं.

रणजित पुढं सरकून म्हणाला, "पाणी वाढलंय बघा. नळी कधी टाकायची?"

डॉक्टर त्याच्याकडं वळले. "रणजितराव, ज्यांना नळी टाकतात त्यांच्यात पाणी मेंदूला दाबत असतं. इथं तसं नाही. मेंदू आक्रसला, जागा रिकामी झाली, तिथं पाणी आलंय. ते काढलं तरी मेंदू फुलून परत येणार नाही."

"टाकून तर बघू. न्हाई झाला उपयोग तर न्हाई."

"त्यांना त्रास होईल. मी टाकणार नाही, आणि कुणाला टाकू देऊ नका."

रणजित उठून बाहेर गेला. काचेतून दिसत होता. भिंतीकडं तोंड करून उभा, एक हात भिंतीवर.

मग डॉक्टरांनी तो दुसरा, जास्त वेळाचा फोटो दाखवला. त्यात ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा होत्या. ते म्हणाले, "माणूस नुसता पडलेला असला, काही करत नसला, तरी मेंदूचे लांबलांबचे भाग एकमेकांशी बोलत असतात. हा त्यांच्याच वयाच्या निरोगी माणसाचा." तो विणलेल्या बाजेसारखा गच्च होता. "आणि हा तात्यांचा."

ठिपके होते. रेघा पुढं थोड्या, मागं थोड्या, मधे जवळजवळ नव्हत्या.

"यावरून उपचार काही बदलत नाही," डॉक्टर म्हणाले. "अजून आम्ही शिकतोय यातून."

मी विचारलं, "मग ह्यांच्या मनात आता काय चालू असतंय?"

"ते यात दिसत नाही, काकू."

"मला वळखत न्हाईत. पर खातात माझ्याच हातानं. सुनेनं भरवलं तर तोंड उघडत न्हाईत. ते मग कुठून येतंय? यात दाखवा."

डॉक्टर त्या चित्राकडं बघत राहिले. "एखादी जुनी, खोलवरची वाट अजून शिल्लक असेल."

"ती ऱ्हाईल ना?"

ते खोटं बोलू शकले असते. दिवसभरात किती जणांशी बोलतात ते. पण म्हणाले, "नाही." मला त्यांचा तेव्हा राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

घरी

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगण्यासारखं नाही, करण्यासारखं आहे.

माणसं यायची बंद झाली. ज्यांच्या घरी हे प्रत्येक सुखदुःखाला गेले, ती माणसं फाटकाजवळून मोटारसायकल हळू करून बघायची आणि पुढं जायची. मनीषा पोरांना घेऊन गेवराईला राहायला गेली. जाताना खरं बोलली, "आई, पोरं भित्यात. मीबी भिते." मी तिला दोष देत नाही. ह्यांनी एकदा तिच्या तोंडावर तांब्या मारला होता.

आंघोळ घालायची म्हटलं की मारामारी. मग सर्जेरावांना एक सुचलं. ते येऊन दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "चला तात्या, सभेला उशीर हुतोय." हे ताबडतोब उठायचे, आंघोळ करून घ्यायचे, पांढरा शर्ट घालायला हात पुढं करायचे. बरेच महिने ते चाललं. त्या महिन्यांसाठी सर्जेरावांचे उपकार मानते. मग एक दिवस सभा म्हटल्यावरही हे उठले नाहीत. सर्जेराव परत परत म्हणाले, शेवटी ओरडून म्हणाले. मग ओट्यावर जाऊन डोक्याला हात लावून बसले.

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. हे बाबुराव कुठं गेलेत म्हणून विचारायचे. मी सुरुवातीला खरं सांगायचे, आणि दर वेळी हे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. मग मी सांगायला लागले, "रानात गेलेत, येतील." खरं सांगून काही पदरात पडत नाही. ज्याला ते ठेवायला जागा नाही, त्याला ते देऊ नका.

हळूहळू बाबुरावांबद्दल विचारणंही थांबलं. मग बोलणंच थांबलं. मी वाट बघायचे, एखादा तरी शब्द, शिवी तरी. लोक म्हणतात, अशा माणसाला मधेच एखाद्या दिवशी सगळं आठवतं, डोळ्यांत ओळख येते. मी रोज बघितलं. आली नाही.

तिसरा फोटो काढायचा का म्हणून रणजितनं डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, आता गरज नाही.

या महिन्यात हे गिळायचं विसरायला लागलेत. पातळ खिमट करते, तूप घालते, चमचा ओठाला लावला की तोंड उघडतं. घास आत जातो आणि तिथंच राहतो. डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालता येईल, ठरवा तुम्ही. रणजितला घालायची आहे. मला काही ठरवता येत नाही. नळी घातली की माझ्या हातानं खाणं संपलं.

काल दुपारी भरवत होते. घास तोंडात, डोळे उघडे, काही हालचाल नाही. मी म्हणत होते, "गिळा. अवं, गिळा." घशावरून बोटं फिरवत होते. रणजित गेवराईहून आलेला, दारात उभा होता. किती वेळ उभा होता माहीत नाही. मग आत आला आणि ह्यांच्या दुसऱ्या बाजूला खाली बसला. स्टेजवरच्या त्या दिवसानंतर, मधले आशेचे दिवस सोडले तर, तो इतक्या जवळ बसला नव्हता.

"तात्या," तो म्हणाला, "इकडं बघा. असं." आणि त्यानं रिकामं तोंड हलवून आवंढा गिळून दाखवला. मीही दाखवला. पोराला शिकवतात तसं आम्ही मायलेकरं दोन्हीकडून गिळून दाखवत होतो. ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं.

घास तोंडातच होता. मी बोट घालून तो काढून घेतला, हनुवटी पुसली. रणजित उठला आणि नळीसाठी डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेला. मी त्याला थांबवलं नाही.